टिपकागदाचे तीक्ष्ण कान

कापडगिरणीच्या मागच्या गल्लीत कुणी कुजबुजत नाही. कुजबुजायचं ते कुणाच्या कानात? मागांच्या खडखडाटात पिढ्या गेल्या आणि जाताना सगळ्यांचे कान सोबत घेऊन गेल्या. तिथला भाजीवाला ओरडत नाही, काठीच्या टोकाला भोपळा बांधून उंच धरतो. कुत्र्यांनी भुंकणं कधीच सोडलं. माणूस अडवायचा असला तर सरळ पँट धरतात. एकदा चोरानं भरदुपारी कुणाचं तरी लोखंडी कपाट जिन्यावरून गडगडत खाली आणलं, तेव्हा घरमालक आत पाठ करून कांदा चिरत होता आणि समोरच्या गॅलरीतली वहिनी चोराला हातानं दाखवत होती, ‘जरा डावीकडून घ्या, भिंतीला लागेल.’

बाहेरचा व्यापारी तिथं दुकान घालायला आला, की चार माणसं मिळून त्याला बेंबीच्या देठापासून “या, बसा!” म्हणायची आणि तो चपला हातात घेऊन पळायचा. दवाखान्यातले डॉक्टर नवे होते तेव्हा गल्लीचा रक्तदाब बघून हादरले. पुढं त्यांचाही तेवढाच झाला. मग त्यांनी औषध वाढवलं नाही, भिंतीवरचा योग्य रक्तदाबाचा तक्ताच बदलून टाकला.

अशा गल्लीचा राजा म्हणजे टिपकागद. लांबवर कुणाचे ओठ हलले, की हा मागावर उभ्या-उभ्या शब्द टिपून घ्यायचा, म्हणून टिपकागद. कान जाऊन जमाना झाला होता, पण ऑफिसच्या काचेमागं मॅनेजरसाहेब काय बोलले ते चहाच्या आत हातवाऱ्यांनी शेडभर पोचलेलं असायचं. साहेबांची कुठली दाढ दुखते, हे त्यांच्या बायकोआधी माग चालवणाऱ्यांना कळायचं.

त्याचं दुखणं एकच होतं, फोन. फोनला ओठ नसतात.

लेक दूरच्या शहरात नोकरीला. आई बहिरी हे तिला ठाऊक होतं. बाबांना मात्र सगळंच कळतं, असं ती लहानपणापासून धरून चालली होती, आणि लेकीपुढं बहिरा ठरायचं नाही हा टिपकागदाचा हट्ट. फोनची घंटी वाजली की भिंतीवर लाल दिवा लागायचा. बायको फोन त्याच्या हातात कोंबायची. हा अंदाजानं मधूनमधून म्हणायचा, “हो हो, छान!”

एकदा सुट्टीच्या दिवशी पोर बोचकी-गाठोडी घेऊनच दारात उभी. म्हणाली, “बाबा, नोकरी सोडू का विचारलं, तर तुम्ही एका दमात हो म्हणालात. तेव्हाच मला धीर आला बघा.”

टिपकागदाच्या हातातला घास हातातच राहिला. दुसरी नोकरी मिळून ती परत गेली, पण बायकोनं त्याचा पिच्छा सोडला नाही.

“आता लग्नाचं विचारेल हो ती. तेव्हापण म्हणा, हो हो, छान! उद्या एखादा गुंड जावई म्हणून दारात आला, की त्याच्याशी बोलत बसा ओठ बघून!”

अशात गिरणीत कान तपासायची गाडी येणार असं ठरलं. मॅनेजरसाहेबांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, पण कशी? लाउडस्पीकरवरून. माग चालू असताना. आणि तोंडापुढं भोपळ्याएवढा माईक धरून.

सगळी शेड टिपकागदाकडं बघायला लागली. त्याला साहेबांच्या नुसत्या भुवया दिसल्या होत्या. पण ‘कळलं नाही’ ही खूण त्यानं आयुष्यात कधी केली नव्हती. त्यानं बेधडक हात हलवले, ‘कान तपासणार. नापास तो घरी.’

खरं होतं ते नेमकं उलटं. नापास होईल त्याला शांत घडीखात्यात कापडाच्या घड्या घालायचं काम, पगार तोच, वर कानाचं मशीन फुकट.

गिरणीच्या आवारात काचेची खोली मांडली. आत खुर्ची, कानांवर घालायचे डबे. बाहेर तपासनीस बाई बटणं दाबणार. आवाज आला की आतल्यानं बोट वर करायचं. टिपकागदानं रांगेतून बाईंना असं निरखलं, जसं मांजर दुधाच्या पातेल्याला निरखतं. बटण दाबताना बाईंची उजवी भुवई जराशी उडायची. झालं! खूण रांगेच्या शेवटापर्यंत गेली.

सगळे पास. शेजारी बॉयलर फुटला तेव्हा “कुणी हाक मारली का?” असं विचारणारा, मागांना तेल घालणारा म्हातारा तेलवालासुद्धा पहिल्या वर्गात. बाईंनी अहवालात लिहिलं, की या गिरणीत काम केल्यानं कान सुधारतात. घडीखात्यात जायला माणूसच उरला नाही, म्हणून तिथंही नवे माग बसवायचं ठरलं.

मग एके दिवशी काचेमागं मॅनेजरसाहेब टाइमकीपरला हसत हसत म्हणाले, “मशीनं परत पाठवा. एकही बहिरा निघाला नाही!”

टिपकागदानं ते वाचलं. वाचलं म्हणजे सांगणं आलंच. त्या दिवशी तेलवाल्यानं त्याला दोन्ही हातांनी शिव्या दिल्या. गल्लीत शिव्या हातानंच देतात, आणि त्या जास्त लागतात.

घरी बायको म्हणाली, “जाऊन परत तपासून घ्या. या वेळी डोळे मिटून बसा.”

“अगं, डोळे मिटले तर ऐकू कसं येईल?”

“अहो, तेच तर पाहिजे ना!”

विनवण्या करून तो पुन्हा काचेत बसला आणि त्यानं डोळे मिटले. बापरे! विहिरीत उतरून कुणी वरून झाकण लावावं तसं झालं. तपासणी सुरू आहे, संपली, का सगळे त्याला विसरून जेवायला गेले, काही कळेना. शेवटी त्यानं एक डोळा किलकिला केला.

बाहेर बाई साहेबांना सांगत होत्या, “मागच्या वेळी पैकीच्या पैकी, आज शून्य. ढोंग आहे.”

“पहिल्यापासूनचा कामचुकार आहे तो,” साहेब म्हणाले. “मागाला टेकून झोपा काढतो.”

टिपकागद ताडकन उठला आणि काच हादरेल असा ओरडला. “कामचुकार कोण? जेवण झालं की टेबलावर डोकं ठेवून कोण घोरतं, सांगू का बाईंना?”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण बाण सुटला होता. बाईंनी खोलीचं दार तपासलं. घट्ट बंद. काच दुहेरी. डबे त्याच्या कानांवर. बाईंनी पेन काढलं आणि लिहिलं, की असे तीक्ष्ण कान नोकरीत पहिल्यांदाच पाहिले.

गिरणीनं त्याचा सत्कार केला. बक्षीस काय, तर रेडिओ.

बायको म्हणाली, “बरं झालं. आता रोज बातम्या बघत जा.”

रेडिओ काखेत मारून टिपकागद बाजारात गेला. तिथल्या एका दुकानात रेडिओही मिळायचे आणि कानाची मशीनंही.

“नवाकोरा दिसतोय. मोडता कशाला?” दुकानदारानं विचारलं.

“बक्षीस आहे. कान चांगले म्हणून मिळालं. याच्या बदल्यात एक मशीन द्या.”

“कुणासाठी?”

“मलाच.”

दुकानदारानं मशीन काढायच्या आधी रेडिओ आत ठेवून दिला.

लाल दिवा लागला तेव्हा मशीन कानात होतं. लेकीचा आवाज आला, बारीक, थोडा त्याच्या आईसारखा. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, पोरीचा आवाज भरदार असणार.

“बाबा, एक विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं घरी येऊ का?”

“दोघं म्हणजे? कोण दोघं?”



“कोण म्हणजे? मी आणि तुमचा जावई! तुम्हाला विचारूनच लग्न केलं ना, बाबा? लग्नाला येणार का विचारलं, तेव्हा ‘हो हो, छान’ म्हणालात. आम्ही दिवसभर थांबलो त्या लग्नाच्या ऑफिसच्या दारात. आला नाहीत. मी काही बोलले का तुम्हाला?”

बायको टिपकागदाचा दंड हलवत होती. “काय म्हणतेय? अहो, काय म्हणतेय ती?”

“पोरी,” तो फोनमध्ये म्हणाला, “मला ऐकू येत नव्हतं गं.”

“कधीपासून?”

“तुझ्या जन्माआधीपासून.”

फोनमधून हुंदका आला की मशीन खरखरलं, हे त्याला सांगता येईना. त्यानं मशीन काढलं, हळूच बायकोच्या कानात बसवलं, फोन तिच्या हातात दिला, आणि तिचा चेहरा नीट दिसेल पण हात पोचणार नाही, इतक्या अंतरावर जाऊन उभा राहिला.