‘सिनिस्टर’ला मराठी शब्द

गेली काही वर्षं माझं पोट भीतीवर चालतं. इंग्रजी भयमालिकांना मराठी सबटायटल्स लिहून देणं हे माझं काम. अंधेरीतल्या एका लहानशा कचेरीतून चित्रफिती येतात आणि भांडुपच्या चढावरच्या आमच्या दोन खोल्यांत, ओट्याला लागून ठेवलेल्या टेबलाशी बसून मी त्या पाहते, थांबवते, पुन्हा पाहते. पडद्याच्या तळाशी दोन ओळी मिळतात. भीती कितीही मोठी असो, ती त्या दोन ओळींत मावली पाहिजे.

इंग्रजीत भीतीचे पोत फार. ‘ईरी’ हा शब्द मला पातळ वाटतो. रिकाम्या स्टीलच्या डब्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यावर मागे उरणाऱ्या नादासारखा. ‘क्रीपी’ ओलसर आहे, मोरीच्या जाळीखालून वर येणारा. ‘अनकॅनी’ म्हणजे आपल्याच अंथरुणातली आपलीच उशी कुणीतरी किंचित सरकवून ठेवलेली. ‘मकाब्र’ला शिळ्या झेंडूच्या हाराचा गोडसर कुजका वास येतो. या सगळ्यांसाठी माझ्यापाशी भयाण, भेसूर, अभद्र, अघोरी एवढेच मोजके शब्द. वापरून वापरून ते झिजले आहेत. माझं लिखाण तपासणारी कचेरीतली मुलगी निरोप पाठवते, “ताई, एकाच एपिसोडमध्ये भयाण किती वेळा? दुसरं काहीतरी टाका ना.” मी दुसरं काहीतरी टाकते.

आपल्याकडे भीती वस्तूला फारशी चिकटत नाही, हे मला या कामातच उमगलं. इंग्रजीत घर भीतिदायक असतं, जिना असतो, बाहुलीसुद्धा असते. मराठीत घर बिचारं घरच राहतं. छातीत धस्स होतं, अंगावर काटा येतो, तोंडचं पाणी पळतं. आपण भीतीचं वर्णन करत नाही. ती कुठे बसली आहे, तेवढं फक्त सांगतो.

आई माझ्यामागे पाटावर बसून भाजी निवडता निवडता पडद्याकडे बघत असे. ती मूळची मालवणकडची. गिरणीत नोकरी लागलेल्या माझ्या वडिलांबरोबर ती मुंबईत आली. वडील गेले, गिरणीही गेली, पण तिची बोली गेली नाही.

“ही बाय काळोखात माळ्यार कित्याक चडता गो?” ती विचारी. “बटन नाय काय त्यांच्यात?”

“बटण दाबलं तर गोष्ट संपेल, आई.”

“मग दाबा. झोपतली तरी सुखान.”

पुढे तिचा खोकला हटेना. छातीच्या फोटोत डाग दिसला आणि आम्ही मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. फोटो उजेडासमोर धरून ते माझ्याशी इंग्रजीत हळू आवाजात बोलले : बहुधा काही ‘सिनिस्टर’ नसेल, पण सुईने तुकडा काढून खात्री करून घ्यावी लागेल.

त्याच सकाळी मी एका दृश्यात या शब्दाला ‘अघोरी’ लिहून आले होते. तिथे तो एका बंद तळघराला लावलेला होता. इथे तो माझ्या आईच्या उजव्या फुप्फुसाला लागला, आणि तो उच्चारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच उमटलं नाही. त्याच्या तोंडी तो धुऊन, उकळून घेतलेल्या उपकरणासारखा स्वच्छ होता.

रिक्षात आईने विचारलं, “काय म्हणालो तो?”

“घरी गेल्यावर सांगते.”

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. आईने देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि माझ्याकडे वळली. डॉक्टरांना ज्याची शंका होती, त्या आजाराचं मी नाव घेतलं. इंग्रजीत घेतलं, वाटलं, परक्या भाषेचा हातमोजा घातला की बोटांना काही लागणार नाही. आईचा चेहरा मिटला. ती उठली, मोरीत जाऊन तिने तोंड धुतलं आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली.

तुकडा काढायचा दिवस ठरला होता. आई गेली नाही. मी समजावलं, रागावले, विनवण्या केल्या. दिवसा मी गोऱ्या लोकांच्या किंकाळ्यांना शब्द शोधत होते आणि माझ्यामागे तो खोकला, कोरडा, फाटक्या कापडासारखा. एका संध्याकाळी माझ्यात बोलायचंही त्राण उरलं नाही. मी संगणक बंद केला आणि तिच्याशेजारी जमिनीवर आडवी झाले. फरशी गार होती. तिच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता.

शेवटी तीच म्हणाली, “गावाक घरात जनावर येय, तेव्हा आमी काय करू, आठवता तुका?”

आठवत होतं. जनावर म्हणजे साप. पण साप हा शब्द दिवे लागल्यावर कुणी उच्चारत नसे. कुणी ओरडत नसे. पुढचं दार सताड उघडायचं, कंदील मागच्या बाजूला ठेवायचा, पोरांना उचलून घ्यायचं आणि भिंतीलगत गप्प उभं राहायचं. त्याला वाट दिसली की ते जाई.

“नावान हाक मारलंस काय ता वळान बघता,” आई म्हणाली. “आणि तू तर दिव्याच्या समोर मारलंस.”

मला तेव्हा कळलं, की ती तपासणीला नकार देत नव्हती. मी जिथे तिला नेऊ पाहत होते, तिथे प्रत्येकजण ते नाव घेणार, याचाच तिने धसका घेतला होता.

“नाव न घेता गेलो तर येशील?”

“येतंय की. माका काय मराची हौस आसा?”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना एकटीनेच भेटले. सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, ते नुसते मान हलवत राहिले आणि म्हणाले, “चालेल. माझी आजीही रत्नागिरीची.”

सुई झाली. मग वाट पाहणं झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी कागद उलटा घालून ठेवला आणि आईकडे पाहून मराठीत सांगितलं, “आजी, ते आहे. पण एका कोपऱ्यात आहे, पसरलेलं नाही. औषधं चालू करू.”

आईने पदराने ओठ पुसले. माझा हात तिने धरला नाही. तिचा मात्र मला धरू दिला. “वाट ठेवा त्याका भायर जावक,” ती त्यांना म्हणाली.

“ठेवू,” ते म्हणाले.

आता औषधं चालू आहेत. तिच्या तोंडाला चव नाही, तळवे सालपटं निघाल्यासारखे झाले आहेत, आणि जनावर गेलं की नाही हे इतक्यात कुणी सांगू शकत नाही. माझं काम थांबलेलं नाही. काल एक म्हातारा पडद्यावर आपल्या सुनेला सांगत होता, की या घरात काहीतरी सिनिस्टर आहे. मी ‘अघोरी’ लिहिलं, खोडलं. मग लिहिलं : ‘या घरात काहीतरी आहे.’

तासाभराने कचेरीतल्या मुलीचा निरोप आला. “ताई, विशेषण राहिलं.”

“राहू दे,” मी कळवलं.

बाहेर दिवे लागत होते. कुणाच्या तरी घरी हिंगाची फोडणी पडली. आतून आईचा आवाज आला. “दार लोटलंस काय गो?”

“नाही,” मी म्हटलं. “उघडंच ठेवलंय.”