ताईचं पथ्य

ताई गेली त्या दिवशी सकाळी तिने पाहुण्यांना आंबोळ्या घातल्या. दुपारी ती चुलीपाशी बसली आणि उठली नाही. कुडाळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती गेली होती.

हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. आधी काय त्रास होता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संधिवात. त्यांनी हृदय कधी तपासलं होतं का विचारलं, तेव्हा मला प्रश्नच कळला नाही. आमच्या घरात तिचा आजार बोटांत, मनगटांत आणि गुडघ्यांत होता. छातीशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

भावोजी गेल्यावर ताई देवबागला माहेरी परतली. माझं लग्न झालं नव्हतं. दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देऊ लागलो. स्वयंपाक तिचा, मी वाचनालयातली नोकरी सांभाळून बाकीचं बघायचे. पुढे तिची बोटं सुजायला लागली. सकाळी वाटीसुद्धा धरवेना. सांध्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा साधा झिजेचा वात नाही, रुमॅटॉइड आहे. गोळ्या सुरू झाल्या. शेजारच्या काकीने पथ्य सांगितलं: वाताला आंबट चालत नाही.

ताईने आंबट सोडलं. पाहुण्यांच्या बांगड्याच्या कढीत कोकमाची सोलं टाकण्याआधी ती आपल्यापुरती वाटीभर कढी बाजूला काढायची. सोलांवाचून ती कढी मिळमिळीत लागे, म्हणून वरून मीठ घ्यायची. पेजेबरोबर खारवलेला बांगडा भाजायची, कारण तोंडाला चव हवी. सोलकढी तर तिने वर्ज्यच केली. पथ्य पाळावं तर तिने, असं गावात म्हणत. सीझनला पाहुणे वाढले की मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायची आणि काम उरकायची.

एकदा मालवणच्या दवाखान्यात तिचा रक्तदाब वाढलेला निघाला. मीठ कमी करा, तंबाखूची मशेरी सोडा, असं सांगून डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "आंबट सोडलंय. आता मीठय सोडूचा, मशेरीय सोडूची. मगे माणसान जगाचा कित्याक गो?" रिक्षावालासुद्धा हसला. ती गोळी तिने काही दिवस घेतली. बरं वाटतंय म्हणून मग थांबवली. सांध्यांची गोळी मात्र कधी चुकवली नाही, कारण सांधे दुखत होते.

गेल्या उन्हाळ्यात वाळूतून चालताना तिला धाप लागू लागली. डावा खांदा भरून यायचा. मी त्याला उंडीचं तेल चोळायचे. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं. मग जबडा दुखायला लागला.

"वात आता जबड्यात चढलो," ती म्हणाली. "तोंड बंद पडला की तुका वाचूक निवांत."

ती गेली त्या दिवशी कुडाळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. या आजारातली सूज सांध्यांपुरती राहत नाही, ती रक्तवाहिन्यांनाही पोखरते. म्हणून अशा माणसाला हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्त. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर वेळोवेळी बघायची, तंबाखू पूर्ण बंद करायची. दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्यांनीही रक्तदाब चढतो. आंबटाचं त्यांनी नावही काढलं नाही. मीच विचारलं. ते म्हणाले, आंबटाने काही बिघडलं नसतं.

मग मी याबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यात अनोळखी असं फार थोडं होतं. धाप, खांदा, जबडा, सगळं मी पाहिलेलं होतं. प्रत्येक वेळी आम्ही त्याला एकच नाव दिलं होतं.

दहाव्याला तिच्या आवडीचं पान वाढताना मी सोलकढीची वाटी उचलली. काकीने माझा हात धरला. "तां नको. तिका वात आसा," ती म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं आणि ती पदर तोंडाला लावून खाली बसली. वाटी मी पानावर ठेवली.

पाहुण्यांना सध्या खोल्या देत नाही. सकाळी वाचनालयात जाते, संध्याकाळी परत येते. एकटीपुरता भात शिजवते.