खाली टोकांचा त्रिशूळ

आमच्या घरच्या फुलोऱ्यात एक वस्तू अशी आहे की ती नेमकी काय आहे, हे लग्नानंतर कित्येक वर्षं मला कुणी धड सांगितलं नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की त्यांच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला तळलेल्या वस्तू दोऱ्यानं बांधतात. तो फुलोरा. रवा-मैदा दुधात घट्ट भिजवायचा, त्याची वेणी करायची, फणी करायची, आरसा, कुंकवाचा करंडा, करंज्या, पापड्या करायच्या आणि लालसर तळायच्या. दोघी बहिणी माहेरपणाला आल्यात, त्यांना नटायला लागतं ते सगळं डोक्यावर तयार. यात न कळण्यासारखं काही नाही. वेणी बघितली की वेणी कळते.

पण आमच्या चौकटीच्या मधोमध एक वेगळाच प्रकार लोंबत असतो. एक आडवी पट्टी, तिच्यावर बोटाच्या पेराएवढी वाटी आणि पट्टीखाली तीन पाय. नटायच्या सामानात हे कशाला? केसात खोवायचं आहे का? पायाला लावायचं आहे का? मी नवी नवरी होते तेव्हापासून हे विचारतेय.

मला चौकशीची खोड आहे, हे आधीच सांगते. माझं माहेर सेलूचं. आमच्याकडं महालक्ष्म्या नव्हत्या, त्यामुळं चुडाव्याजवळच्या ह्या सासरी आले आणि पहिल्याच भाद्रपदात माझे डोळे विस्फारले. लोखंडी अडणीला साडी नेसवून त्याची बाई कशी होते, मुखवटा ठेवला की तिच्यात एकदम जीव कसा येतो, पुढं त्यांची दोन लेकरं का बसवतात, सोळाच भाज्या का. विचारून विचारून मी सगळ्यांना बेजार केलं. नवरा म्हणाला, "तुला पोलिसात घातलं पाहिजे होतं." बाकीच्या प्रश्नांची काही ना काही उत्तरं मिळाली. तीन पायांच्या त्या वस्तूचं काही मिळेना.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "खायची वस्तू हाय, खायची. चौकट बांधायचा जिम्मा माझा, खालचं तुमी बघा." शेजारी चुलत सासू राहतात, त्यांना मी काकू म्हणते. त्यांचं उत्तर तयार होतं. "आगं, देवीचा त्रिशूळ हाय तो. आमच्या सासूबाईच्या येळपासून लागायलाय." आणि सासूबाईंना, म्हणजे आत्यांना विचारलं की त्या पिठाचा हात झटकत म्हणायच्या, "आसतंय ते. तू करंज्या भर."

त्रिशूळ म्हणे. मग टोकं खाली का? आजवर बघितलेल्या एकाही देवीनं त्रिशूळ उलटा धरलेला नाही. आणि त्रिशुळाला वाटी कशाला? वर आत्या त्या वाटीत ज्वारीचे चार दाणे टाकायच्या, ते वेगळंच. विसर्जनानंतर फुलोरा उतरवून सगळ्यांना वाटायचा असतो. वेणी कुणाला, फणी कुणाला, पोरं करंज्यांवर तुटून पडतात. पण ती वस्तू प्रसादाच्या डब्यात मला कधी दिसली नाही. ती आत्यांच्या पदराआड जायची आणि पुढं तिचं काय व्हायचं ते देवालाच माहीत.

यंदा महालक्ष्म्यांच्या तोंडावर आत्या गोठ्यापाशी शेवाळावरून घसरल्या आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. फुलोरा पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आला. नवरा म्हणाला, परभणीत तयार मिळतो, आणू का? आत्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो दोर शोधायला निघून गेला.

महालक्ष्म्या यायच्या त्या सकाळी माझ्या दोघी पोरी पुढच्या खोलीत कागदाची फुलं करत बसल्या होत्या. मोबाइलवर बघून बघून थोरली कातरत होती, धाकटी चिकटवत होती, आणि कुणाचं फूल बरोबर यावर त्यांची कचाकचा भांडणं चालली होती. आत मी कढईसमोर आणि माझ्यासमोर पाटावर आत्या, गळ्यात हात अडकवून. पीठ मळून होतं न होतं तोच त्या म्हणाल्या, "पयलं मधलं कर."

मी म्हटलं, "आत्या, एक बोलू का? यंदा ते राहू द्या. त्याचे पाय तेलात गळून पडतात. तुमच्या हातालाच ते जमतं. तुटकं टांगण्यापेक्षा नसलेलं बरं."

आत्या काही तापट बाई नाहीत. पण त्या पाटावरून अर्ध्या उठल्या. "बाकी काय बी राहू दे. येणी राहू दे, फणी राहू दे. ते लागलं पायजे. ते न्हाई लागलं तर माझा फुलोरा लागला असं मी म्हणायची न्हाई." मी गुपचूप पिठाचा गोळा घेतला. मनात म्हटलं, हा नुसता त्रिशूळ नाही. यात काहीतरी आहे.

मग त्या डाव्या हातानं दाखवत गेल्या. पट्टी जाड ठेव. पाय पातळ कर, पण जोडाला दुधाचं बोट लाव. मधला पाय सरळ, बाजूचे जरा पुढं. पहिल्या दोन्हींचे पाय गळाले. तिसऱ्याला मी झाऱ्यावर ठेवून तेलात सोडलं आणि वरून पळीनं तेल घालत राहिले. बाहेर काढलं तेव्हा तिन्ही पाय जागेवर होते. आत्यांनी ते डाव्या तळहातावर घेतलं आणि निवेपर्यंत खालीच ठेवलं नाही. भाजलं असेल, पण बोलल्या नाहीत.

दुपारी नवऱ्यानं चौकट बांधली. काकू बघायला आल्या होत्या आणि खुर्चीत बसून सूचना करत होत्या. त्यांची एक नेहमीची सूचना असते, तीही झाली. माझ्या पोरींकडं बघत म्हणाल्या, "लय गुणाच्या हायेत गं. पण पोरी जातील आपापल्या घरी. तुझ्यामागं ह्या महालक्ष्म्या कुणी बसवायच्या?" दरवर्षी ह्या प्रश्नानं माझ्या डोक्यात तिडीक जाते. दरवर्षी मी हसून स्वयंपाकघरात निघून जाते. यंदा स्टुलावर उभी होते, हातात फुलोरा होता, जाणार कुठं?

रागात माणसाला शहाणपणा सुचतो तसा मला सुचला. म्हटलं, त्रिशूळच आहे ना, मग त्रिशुळासारखा लावू. बाजूच्या दोन पायांना दोरा गुंडाळला, टोकं वर केली आणि मधोमध बांधून टाकला. काकू खूश झाल्या. "आता बराबर दिसायलाय बघ. इतकी वर्षं उलटाच लावायलेत."

आत्या आतून आल्या. डाव्या मुठीत ज्वारीचे दाणे होते. त्यांनी वर बघितलं. वाटी खाली तोंड करून लटकत होती.

"दाणे कुठं टाकू?" त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी एकदा तेच विचारलं, अगदी हळू, जणू मला खरंच माहीत असेल. मग दाणे पदरात बांधले आणि एका हातानं स्टूल धरून वर चढायला लागल्या. मी खाली उडी मारली. "आत्या, दुसरा हात मोडून घ्यायचाय का? मी करते सरळ. पण हे काय आहे ते सांगा. आज सांगितल्याशिवाय मी सोडत नाही." काकूंना चुलीवरच्या दुधाची आठवण झाली म्हणून त्या घरी गेल्या. नवरा आधीच सटकला होता.

आत्या स्टुलावरच बसल्या. "तिफण हाय ती," म्हणाल्या.

मी सेलूच्या बाजारपेठेत वाढलेली. इथं आमच्या शेतातही पेरणी होते ती ट्रॅक्टरनं. तिफण म्हणजे पेरायचं जुनं औत, एवढंच ऐकून होते. आत्यांनी डाव्या हाताची तीन बोटं खाली करून दाखवली. हे फण, जमिनीत जाणारे. वरची वाटी म्हणजे चाडं, त्यातून बी फणांत उतरतं. बैल पुढं, तिफण मागं, आणि चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई. "आमी तिघी बहिणी आळीपाळीनं मूठ धरायचो. बापाला पोरगा नव्हता."

त्यांचं माहेर चारठाण्याकडचं. त्यांच्या घरीही महालक्ष्म्या होत्या, आणि तिथंही दरवर्षी कुणीतरी येऊन त्यांच्या वडलांना विचारायचं, तुझ्यामागं कुणी बसवायच्या? एका वर्षी ते उठले, आणि ज्या माणसानं कधी चुलीपाशी पाय ठेवला नव्हता तो बायकांत जाऊन बसला. पीठ घेतलं, स्वतःच्या हातानं तिफण केली, तळायला लावली आणि फुलोऱ्याच्या मधोमध टांगली. पुन्हा कुणी विचारलं की वर बोट दाखवायचे. "म्हणायचा, तीन फण हायेत माझ्या घराला. पेरणी झाली माझी. मला फिकीर न्हाई."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बाप गेला आन भावकीनं मुखवटे नेले. पोरींनी बसवायच्या न्हाईत म्हणले. घर हाय, महालक्ष्म्या न्हाईत."

इथं आल्यावर पहिल्याच वर्षी आत्यांनी फुलोऱ्यात तिफण केली. त्यांच्या सासूबाईंनी ती बघितली. दुसऱ्या घरचं आपल्या देवीवर चालत नाही, असा त्यांचा कडक नियम. हे काय केलंस म्हणून त्यांनी विचारलं. आत्या घाबरून म्हणाल्या, त्रिशूळ. आणि त्रिशुळाला कोण नाही म्हणणार? पुढं त्यांनी मुद्दामच ती ओळखू येऊ नये अशी आखूड केली, पुढची लांब दांडी काढून टाकली. विसर्जनानंतर तिचे तीन पाय मोडायच्या. एक स्वतः खायच्या, दोन फडक्यात बांधून बहिणींकडं पाठवायच्या, एक जिंतूरला, एक सेलूला. इतकी वर्षं त्या घरच्या महालक्ष्म्यांचा एवढाच प्रसाद उरला होता, आणि तो मी आज उलटा टांगला होता.

मला रडू आलं. आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. एकदम ध्यानात आलं, की हा प्रश्न मला भावकीतल्या सगळ्यांनी विचारला, आत्यांनी कधीच नाही. दुसरी पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांची तोंडं उतरली होती आणि ह्या बाईनं डिंकाचे लाडू आणले होते. मी म्हटलं, "तुम्ही मला कधी काही म्हणाल्या नाहीत."

"काय म्हणू? आमा बहिणींवरून बोलायचे तवा माझा बाप ऐकून घ्यायचा. म्या कुण्या तोंडानं म्हणू?"

मी स्टुलावर चढून तिफण सोडवली आणि टोकं खाली करून पुन्हा बांधली. आत्यांनी पदराची गाठ सोडून दाणे दिले, ते चाड्यात टाकले. मला वाटलं, झालं. तर त्यांनी विचारलं, "पीठ उरलंय का?"

ओल्या फडक्याखाली गोळा होता.

"दुफण कर," आत्या म्हणाल्या.

"ती कशी असते?"

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं खाली केली. "दोन फणांची. हलक्या रानात तीच चालती. तुझी तीच हाय. माझ्या शेजारी लाव."

ती माझ्या हातून पहिल्याच घाण्यात न तुटता निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला काकू आल्या. पाया पडल्या, साडीच्या निऱ्या निरखल्या, पोरींच्या कागदी फुलांना चांगलं म्हणाल्या आणि वर बघितलं. "आता हे काय गं नवीन? दोन टोकांचा त्रिशूळ आसतोय का कुठं?"

"त्रिशूळ नाही काकू. दुफण आहे. माझ्या दोन पोरींची," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

काकूंनी आत्यांकडं बघितलं. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात गळ्यात. "आन तिच्या शेजारी माझ्या बापाची तिफण हाय," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून तिफणच हाय."

काकू वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग सांगायचं न्हाई का जाऊबाई? मी आजवर पाया पडायले तिला."

"पड की आताबी," आत्या म्हणाल्या.

काकूंनी खरंच हात जोडले. मग दुफणीकडं बोट करून मला म्हणाल्या, "हिच्या चाड्यात दाणे न्हाईत." मी विसरलेच होते. काकू महालक्ष्म्यांपुढच्या राशीतून चिमूटभर ज्वारी घेऊन उठल्या आणि ती त्यांनी माझ्या थोरलीच्या हातावर ठेवली.