आत्याची बोटं

आमच्या कुटुंबाचा एकच जुना फोटो आहे आणि तो पाहिला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हैदराबाद राज्य मोडून त्याचे तुकडे वाटले जात होते तेव्हाची गोष्ट. किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार आणि आमचं तामसी आंध्रात राहणार असं ठरलं. वडील मराठी शाळेत मास्तर. त्यांनी किनवटची शाळा मागून घेतली. शेत सांभाळायला आत्या मागे राहणार होती. ती वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. आई सततची आजारी, म्हणून मला वाढवलं ते आत्यानंच. निघण्याआधी सगळ्यांचा एक फोटो असावा म्हणून आम्ही बसनं आदिलाबादला गेलो. आत्याही आली. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं आणि वाटभर ती पदर सारखा करत होती.

फोटोवाल्यानं दुकानामागच्या अंगणात पडदा लावला. वडिलांना खुर्चीत बसवून त्यांचा हात गुडघ्यावर ठेवायला लावला, घड्याळ दिसावं म्हणून. आई मागं उभी, भाऊ उजवीकडे, मी डावीकडे स्टुलावर. आत्या आईशेजारी येऊन उभी राहिली, तसा तो वडिलांना म्हणाला, "मास्तर, नव्या गावी भिंतीवर लावाचा फोटो हाय. बाईंले कुठं बसवू?"

त्याला काय विचारायचं होतं ते सगळ्यांना कळलं. वडील पुस्तकातल्या समाजसुधारणा वर्गात शिकवायचे. ते म्हणाले, "अक्का, तू काऊन उन्हात उभी राहून राह्यली? इकडं ये."

आत्या बाजूला झाली. मी तोंड उघडलं तर आईनं माझा खांदा दाबला.

ऊन उजवीकडून येत होतं. सगळ्यांचे अर्धे चेहरे काळे पडत होते. डावीकडून पांढरी चादर ताणून धरली की उजेड उलटून तोंडावर पडतो, असं फोटोवाला म्हणाला. चादर धरायला माणूस हवं होतं. वडिलांनी आत्याकडे पाहिलं. तिनं चादर दोन्ही हातांनी उंच धरली आणि आमचे चेहरे उजळले. जिला फोटोत जागा नव्हती, तिच्याकडून उजेड घ्यायला मात्र कुणाला विटाळ झाला नाही!

"पोरी, इकडं पाह्य," फोटोवाला मला ओरडत राहिला. मी पाहिलं नाही. मी आत्याकडेच पाहत होते.

फोटो आला तेव्हा डाव्या कडेला चादरीचा काठ आणि त्यावर दुमडलेली चार बोटं आली होती. मी फोटो बिघडवला म्हणून वडील रागावले. आत्या आम्ही गेल्यावर दोन पावसाळेही जगली नाही. तिचा दुसरा फोटो कुणी काढलाच नव्हता.

वडील गेल्यावर भावानं तो फोटो मोठा करून घेतला. निवृत्त झाल्यापासून त्याला फोटोग्राफीचा नाद लागलाय. भिंतीवर पाहिलं तर बोटं नव्हती. मी विचारलं, तर शहाणा मला शिकवायला लागला, "कडेला असं अर्धवट काही आलं की नजर तिकडं पळते. कंपोझिशन बिघडतं."

"तिकडंच पळाली पाहिजे. मूळ फोटो कुठाय?"

"तोच ब्लेडनं सरळ करून घेतला. काठ खराब झाला होता."

"आणि तो तुकडा?"

"तुकडा कशाला ठेवू?" तो म्हणाला.

त्याच्याच फोटोग्राफीच्या पुस्तकात लिहिलंय, माणूस ज्या बाजूला पाहतो तिकडं जागा सोडावी. मी ते पान त्याच्यापुढं आपटलं. वडील, आई, तो स्वतः, सगळे समोर पाहतायत. सगळ्यांच्या तोंडावर अजून तिचा उजेड आहे. आणि मी तेवढी चौकटीच्या लाकडाकडे पाहत बसलेय.