एकदम सोडायचं नाय

उस्मानपुऱ्यातल्या त्या मेडिकलवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दारू हळूहळू सुटावी म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी त्याच्याकडून घ्यायचो. दुकानात आणखी कुणी असलं, की तो माझी चिठ्ठी पालथी ठेवून आधी त्यांना वाटेला लावी. मग खालच्या आवाजात दर वेळी तेच विचारी, "झोप लागती का? जेवण जातं का?"

दुष्काळातला उन्हाळा होता. आपण आता सुधारलो, असं वाटून मी कुणाला न विचारता दारू आणि गोळ्या एकाच दिवशी बंद केल्या. तिसऱ्या दिवशी मुलीसाठी खोकल्याचं औषध घ्यायला गेलो, तर बाटली हातात धरवेना.

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. "गोळ्या चालू हायेत ना?"

"सगळंच सोडलं."

"असं एकदम सोडायचं नाय, दादा. जिवावर बेततं."

भर गर्दीत त्यानं शटर ओढलं आणि मला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडं नेलं. उशीर झाला असता तर फिट आली असती, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दारू सुटली, आणि पुढं गोळ्याही कमी होत होत थांबल्या.

ते सांगायला मी दुकानात गेलो, तेव्हा एक बाई नवऱ्याची तसल्याच गोळ्यांची चिठ्ठी घेऊन रडवेली उभी होती. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "यांना जरा धीर देता का? तुमची मर्जी असंल तरच."

मी स्टूल ओढून बसलो. "ताई, मीही लई प्यायचो," मी म्हणालो.