लॉगबुकचं विसर्जन

काचीगुड्याच्या प्रशांतने आपलं लॉगबुक स्वतःच्या हाताने हुसेनसागरात सोडलं आणि वर भक्तिभावाने हात जोडले. इतका मन लावून केलेला गाढवपणा त्याच्या आयुष्यात दुसरा नाही.

झालं असं, की खंडेनवमीला त्याची आई तारामती घरातली हत्यारं पूजेला मांडत होती. विळी, कात्री, स्कूटरचा पाना.

"तुझं हत्यार कुठाय रे?"

"विमान आहे. देवघरात मावेल का?"

"मग त्याचं काहीतरी ठेव. देवीला काय तोंडी सांगू, पोरगा उडतोय म्हणून?"

त्याने लॉगबुक ठेवलं. विमान शिकणाऱ्याचा प्रत्येक तास त्यात शिक्षकाच्या सहीनिशी चढतो. ते तास दाखवल्याशिवाय लायसन्स नाही. दसरा सरला आणि झेंडूच्या ढिगाखालचं ते पुस्तक निर्माल्यासकट फडक्यात गेलं. गाठ प्रशांतनेच मारली, चांगली घट्ट.

नोंदी तो शिकला त्या फ्लाइंग क्लबातही असायच्या, पण क्लबाला टाळं लागलं होतं आणि कागद कुठे गेले ते चौकीदारालाही ठाऊक नव्हतं. पोलिसात गेला तर हवालदार म्हणाला, "चोरी कैसा लिखूं? चोर पूजा करता क्या?"

राहिले गौतम सर. पानोपानी सही त्यांची. त्यांनी लिहून दिलं असतं तर अर्ज निदान पुढे सरकला असता. पण हा किस्सा त्यांना सांगायचा कुठल्या तोंडाने? शिवाय तो पहिल्यांदा एकट्याने उडाला तेव्हा सरांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्यावर बादली ओतली होती, आणि त्याने कबूल केलेली उस्मानिया बिस्किटं अजून पोचायचीच होती. प्रशांत सुलतान बाजारात साड्यांच्या घड्या घालत राहिला. दोन वर्षं.

शेवटी नारायणगुड्याला गेला तेव्हा सर पलंगावर होते, उजवी बाजू गेलेली. सगळं ऐकून अर्ध्या तोंडाने हसले.

"सगळे तास पाण्यात. आणि मी तुला उतरायला शिकवलं होतं."

डाव्या हाताने त्यांनी सही केली. "बिस्किटं कुठायत माझी?"

"आणतो, सर."

"लवकर आण. चावता येतंय तोवर."

लायसन्सच्या ऑफिसातल्या माणसाने ती सही सरांच्या जुन्या सहीशेजारी धरली आणि कागद परत सरकवला.

मग नव्या शाळेत शून्यापासून. दुकानाच्या पगारात जमेल तेवढंच उडायचं. शिकवायला स्नेहा मॅडम, त्याच्याहून लहान.

"याआधी कधी विमान हाताळलंय?"

"हाताळलंय. पण लिहिलेलं नाही."

पुन्हा एकट्याने उडाला तो दिवस यायला वर्ष गेलं. पुन्हा बादली. ओल्या शर्टानेच त्याने बिस्किटांचा डबा घेतला आणि नारायणगुडा गाठला. सरांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत पुण्यानुमोदनाची वंदना चालली होती. म्हणजे सर जाऊन काही दिवस उलटले होते. त्याला कळवणार तरी कोण?

डबा काखेत धरून तो जिन्यावर उभा राहिला. आपली चप्पल काढावी की नाही, हे त्याला ठरवता येईना.