बिबट्याने मरणारं घराणं

भास्करदादा एकट्याने भाकरी खात नसे. डबा उघडला की पहिली भाकरी मधोमध मोडायची आणि शेजारी जो कोणी असेल त्याच्या हातात अर्धी ठेवायची. ड्रायव्हर, प्रवासी, एकदा तर तिकिटं तपासायला चढलेला साहेब. "घ्या सायब, आधी भाकरी तपासा, मंग तिकिटं." नको म्हणणाऱ्याला ठरलेलं उत्तर असे, "घ्या हो. एकट्यानं खाल्ली का घशात बसती."

हा माझा चुलत भाऊ वडवणी-बीड एसटीवर कंडक्टर होता. आवाज असा, की त्याने वडवणीच्या स्टँडवर "चला बीड" म्हटलं की तिकडे बीडमध्ये लोक उतरवून घ्यायला यायचे. माणसं कोंबण्यात त्याचा हात धरणारा पैदा व्हायचा होता. "सरका पुढं! माघं कावून चिकटलात? गाडीचं पुढचं तोंड बी बीडलाच चाललंय." एकदा त्याने अख्खी वरात गाडीत घेतली आणि मागून नवरदेवाचा घोडा. घोड्याचं अर्धं तिकीट फाडलं.

यातला घोडा माझा. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि शाळा सुटली की थापा मारतो. सगळ्या तालुक्याला हे ठाऊक आहे. माझ्या एकूण एक थापेवर विश्वास ठेवणारा माणूस मात्र एकच होता, दादा.

त्याला कारण आहे. दादाचे वडील किसनकाका ऊसतोडीला गेले तेव्हा मोळी एका हाताने ट्रकवर फेकत. परत आले ते भिंतीला टेकून. खाल्लेलं राहीना. माझ्या वडिलांनी त्यांना बीडच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा पाणी धरायला मी सोबत होतो. बारा वर्षांचा. डॉक्टर हळू बोलले, पण मी ऐकलं. पोटात गाठ आहे, घरी न्या. वडिलांनी ते घरात कुणालाच सांगितलं नाही आणि मलाही बजावलं. काका गेले. पंधरा वर्षांचा दादा दोन दिवस रडेना की जेवेना. तेव्हा मी भाकरी घेऊन त्याच्याजवळ बसलो आणि सांगितलं, "दादा, तुला म्हून सांगतो. काकाला फडात बिबट्यानं पंजा मारलता. पोटात. टोळीतली मान्सं भितील म्हून काका बोललेच न्हाईत. आत जखम चिघळली."

दादाने माझ्या हातातली भाकरी घेतली, मधोमध मोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी खाल्ली.

तिथून माझी जीभ सुटली. आजोबांना शेवटी घास उतरत नव्हता. मी सांगितलं, पैजेत आडातलं पाणी संपवायला गेले होते. आत्या वाळून काटकी होऊन गेली. तिच्या मरणाच्या खात्यावर मी सहासष्ट जिलेब्या मांडल्या. आमच्या घरात साधं मरण कुणाला येऊच दिलं नाही मी. आणि दादा ते सगळं गाडीतल्या प्रवाशांना सांगे, छाती फुगवून.

पन्नाशीच्या आत त्याचं पोट दुखायला लागलं. दोन घासांत पोट भरे. आता अर्ध्या भाकरीच्या जागी पाऊण भाकरी शेजाऱ्याच्या हातात जाऊ लागली आणि मी पोरांना दादाच्या दानतीची नवी गोष्ट सांगू लागलो. अखेर मीच त्याला बीडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला पोटाचा मोठा आजार?"

"छ्या, सायब! आमच्यात पोटानं कोन मरत न्हाई. आमच्यात बिबट्यानं मरत्यात."

डॉक्टरांनी हसून माझ्याकडे पाहिलं. "खरं का, गुरुजी?"

एवढीच वेळ होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "दोन होते, साहेब. बिबटे."

तिघंही हसलो. गोळ्या मिळाल्या. महिन्यात बरं वाटलं नाही तर कॅमेऱ्याने आत बघू, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं, दादा परत गाडीवर गेला. सात-आठ महिन्यांनी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा दादाचा पट्टा तीन भोकं आत आला होता.

कॅमेऱ्याने आत बघितलं, कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागद घेतला आणि आमच्या घराण्याचा तक्ता काढायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. "वडील कशाने गेले?"

"बिबट्या," दादा म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. पेन धरून थांबल्या. मी खाली बघत म्हणालो, "गाठ होती, मॅडम. पोटात. मी तेव्हा ऐकलं होतं." आत्या? तसंच. आजोबा? घास उतरत नव्हता. मॅडमनी दोन चौकोन आणि एक गोल काळा केला. मग सांगितलं, पोटाचे सगळे कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. तंबाखू, फार खारट खाणं, पोटातले जंतू, बरीच कारणं असतात. पण काही घरांत जनुकातच दोष असतो. आई किंवा बापात तो असला, तर प्रत्येक लेकरात यायची शक्यता निम्मी. आला म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण तपासत राहावं लागतं.

"निम्मी," दादा म्हणाला. "म्हंजे बापानं मोडूनच दिली की."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर त्याने विचारलं, "बिबट्या नव्हता?"

"न्हाई, दादा."

"दोन्ही बी?"

"दोन्ही बी."

तो पोट धरून हसला, मग नुसतंच पोट धरून बसला. "लई मोठा बाप दिलता बे तू मला," म्हणाला. "पर माझ्या पोरीला माझा बिबट्या करून देऊ नको."

बीडच्या डॉक्टरांसमोर तेव्हाच खरं बोललो असतो तर काय झालं असतं, हे मी मॅडमना विचारलेलं नाही. त्या खरं सांगतील, ही भीती.

दादा गेल्यावर बुद्धविहारात पुण्यानुमोदनाची श्रद्धांजली सभा झाली. मी बोलायला उठलो तशी माणसं सरसावून बसली, म्हातारे आधीच गालात हसत होते. मी म्हणालो, "भास्करदादा पोटाच्या कॅन्सरने गेला. किसनकाकाही बहुतेक त्यानेच. आत्याही. आजोबाही. आमच्या रक्ताच्या प्रत्येकाने तपासून घ्या." आणि खाली बसलो. "पुढं, गुरुजी?" मागून कुणीतरी विचारलं. पुढं काही नव्हतं.

दादाची मुलगी प्रज्ञा हिने रक्त तपासून घेतलं. दोष तिच्यात उतरला आहे. आता तिचं पोट डॉक्टर वेळच्या वेळी कॅमेऱ्याने बघतात. प्रत्येक वेळी मी सोबत जातो आणि विचारतील ते सांगतो, एक जिलेबीही न वाढवता.

येताना स्टँडवर ती डबा उघडते, भाकरी मधोमध मोडते, अर्धी माझ्या हातात ठेवते. मी माझी तशीच धरून तिच्याकडे बघत राहतो.

"कावून बघायलात, काका?"

"तुझी संपती का ते बघायलोय."

ती शेवटचा घास तोंडात टाकते आणि रिकामा डबा माझ्यासमोर उलटा करून दाखवते.